आठवा महिना, पिवळी लोकर

अहो, जरा इकडे या ना. त्या बाजूनं नको, कंपाउंडला शेवाळ आलंय, घसराल. या, वळचणीखाली उभ्या राहा. ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या काकूंकडचं? नाही? कमाल झाली! अख्ख्या तुंगार्लीला माहीत आहे आणि तुम्हालाच नाही? तरी म्हटलं, गणपती झाल्यापासून दिसला नाहीत.

त्यांची सून आठव्यात आहे, ते तर ठाऊक आहेच तुम्हाला. आणि काकूंचा नियमही ठाऊक आहे. बाळ हातात येईपर्यंत घरात बाळाच्या नावाची चिंधीसुद्धा आणायची नाही. झबलं नाही, टोपडं नाही, दुपटं नाही. "जीव यायच्या आधी जामानिमा कसला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता खरं सांगू का, त्यांच्या आईच्या-आजीच्या काळी ते बरोबरच होतं. मुलं दगावायची हो. मग ते शिवून ठेवलेले कपडे कोण बघणार आणि कुठे टाकणार... म्हणून पहिले दिवस कुणाच्या तरी धडधाकट पोराची वापरून मऊ झालेली झबली घालायची, आणि नवं काय ते बारशाला, आजोळाहून आणि आत्याकडून. पण ज्या बायकांनी हा नियम केला ना, त्या नक्की घाटाखालीही राहत नव्हत्या आणि घाटावरही राहत नव्हत्या. कुठल्या तरी रखरखीत उन्हातल्या होत्या. इथे दीडशे इंचांवर पाऊस पडतो, दुपटं धुतलं की आत-बाहेर नाचवत बसायचं दोन दिवस, आणि तरी शेवटी कुबट वास. इथे आधी तयारी नको म्हणजे काय?

त्यातून यंदाचं वर्ष. मे महिन्यातच कोसळायला लागला की! २६ मेला मुंबईत मान्सून आला, इतक्या लवकर कधी आलाच नव्हता म्हणे. माझ्या गोधड्या धुवायच्या राहिल्या, सरपण भिजलं, सांडगे अर्धे ओलेच डब्यात गेले. तेव्हापासून सबंध दिवसाचं ऊन बघितलंय का तुम्ही? मी तर नाही बघितलं.

तर काय सांगत होते... हां, लोकर. झालं काय, सुनेचं वर्क फ्रॉम होम. दिवसभर त्या पडवीतल्या खोलीत लॅपटॉप. बाहेर पाऊस, धुकं इतकं की समोरचा आंबा दिसत नाही, आणि शनिवार-रविवार तर घरातून निघायची सोयच नाही. भुशी डॅमला जाणाऱ्यांच्या गाड्या हायवेपासून अडकलेल्या. मग तिनं काय करावं? मागवली ऑनलाइन लोकर. पिवळी. गुलाबी नाही, निळी नाही, म्हणजे कुणाला बोलायला जागाच नको. मीटिंगमध्ये वर कॅमेऱ्यात चेहरा गंभीर आणि खाली टेबलाखाली हातात सुया! आपल्या कामवाल्या मावशींनी डोळ्यांनी पाहिलं. साहेब काहीतरी विचारत होता आणि ही तोंडातल्या तोंडात "दोन सुलट, दोन उलट" पुटपुटत होती. माइक चालू होता म्हणे! आता खरं-खोटं मावशी जाणे.

आणि शिकवतंय कोण? मागच्या गल्लीतल्या आजी. वय किती असेल हो त्यांचं? पंचाऐंशीच्या पुढे नक्की. अजून 'स्त्री' मासिकातली विणकामाची कात्रणं पत्र्याच्या डब्यात ठेवलीयेत, पिवळी पडून कडा गळायला लागल्यात. काकू दुपारी आडव्या झाल्या की ही मागच्या दारानं आजींकडे. काकूंना वाटायचं, पोरगी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायला जाते. अहो, आठव्या महिन्यात आणि या पावसात कुठे चालणार आहे ती? पण सांगणार कोण?

पहिल्याच दिवशी आजींनी काय केलं, लोकरीचा गुंडा हातात घेतला, दोन बोटांत चोळला आणि विचारलं, "ही कुठली म्हणून दिली?" ही अभिमानानं म्हणते, "मेरिनो आहे आजी, प्युअर." आजी बोलल्या नाहीत काही. एक धागा तोडला, चिमट्यात धरला आणि गॅसवर नेला. खरी लोकर असली की केस जळल्यासारखा वास येतो आणि चुरगाळली की राख होते. हिचा धागा वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. अॅक्रिलिक! पोरीचा चेहरा असा पडला, असा पडला... किती पैसे मोजले होते ते तिनं अजून नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही, मला मात्र सांगितलं. मी कुणाला बोलणार नाही, पण चार आकडी होते, एवढं सांगते.

आजी मात्र म्हणाल्या, "असू दे. धुतली की लवकर तरी वाळेल, खऱ्या लोकरीला इथे आठवडा लागेल. फक्त आत सुती अस्तर लाव, अंगाला टोचायला नको." मग टोपडं सुरू झालं. तान्ह्या बाळाचं डोकं साडेतेरा-चौदा इंच असतं, पण विणलेलं ताणतं, म्हणून बारा इंचांचं घ्यायचं. हे आजींना तोंडपाठ! आणि जाळीची नक्षी काढायला सक्त मनाई. हिला इंटरनेटवरची ती भोकाभोकांची नक्षी आवडली होती, तर आजी म्हणाल्या, "त्यात बाळाची बोटं अडकतात. आणि मोजे प्रत्येक वेळी उलटे करून बघायचे, आत सुटा धागा राहिला तर बोटाला गुंडाळला जातो, बाळ रडतं आणि आईला कळत नाही का रडतंय ते." पटलं मला. आपल्या वेळी कुणी सांगितलं होतं का हे?

बरं, मग यात बॉस्टनवाल्या वहिनी घुसल्या. घुसणारच. त्यांना कोणी विचारो न विचारो, २०१५ चा हिवाळा काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या ना तेव्हा. सामानात अळीव, डिंक, खारकेची पूड. आणि गेल्या त्याच वर्षी तिथे शंभर इंचांवर बर्फ पडला, रेकॉर्ड झालं. शाळा बंद, ऑफिसं बंद, लोकल ट्रेनसुद्धा बंद. 'स्नो डे, स्नो डे' म्हणत नातू नाचायचा आणि यांना दाराबाहेर पाऊल टाकता येईना. तिथेच शेजारच्या एका बाईनं त्यांना वायरच्या गोल सुयांवर विणायला शिकवलं. त्या सांगतात तेव्हा मला दर वेळी वाटतं, बर्फ म्हणजे तुंगार्लीचा पाऊसच की, फक्त आवाज नसलेला. घरात कोंडून घ्या, तळा, शिजवा, विणा, आणि बाळाची वाट बघा.

तर वहिनी आजींना म्हणाल्या, "अहो, दोन सुयांवर कशाला, टोपडं गोल सुईवर विणा, मागे शिवण येत नाही, बाळाला टोचत नाही." आजींनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या चार नातवंडांना टोचलं नाही." झालं! वहिनींचं तोंड बघण्यासारखं. त्यानंतर चार दिवस त्या आजींच्या दारावरून गेल्या नाहीत, रायवूडला फिरायला जायला लागल्या. या चिखलातून!

आता खरी गंमत ऐका. डोहाळजेवण. श्रावणात झालं ना. तुम्ही आला नव्हतात, नणंदेकडे होतात. चांदण्यातलं करायचं होतं सुनेला, गच्चीवर. काकू म्हणाल्या, "चांदणं आणायचं कुठून, कुरिअरनं?" मग हॉलमध्येच नाव केली पुठ्ठ्याची, वर फुलांची महिरप, आणि बरोबर ओटी भरायच्या वेळेला लाइट गेली. मोबाइलच्या उजेडात ओटी भरली. मसालेभात, साखरभात, दहीभात, सगळं झक्क होतं, खोटं का बोला. मग वाट्या आल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. सोनोग्राफीत सांगत नाहीत आणि सांगूही नये, १९९४ चा कायदा आहे तो. मग राहिल्या या वाट्याच. सुनेनं उचलली वाटी, आणि निघाली बर्फी! सगळ्या बायका "मुलगी, मुलगी" करायला लागल्या. मी लगेच काकूंकडे बघितलं, आता बघायलाच बसले होते मी. पण काकूंचा चेहरा खुलला हो! त्यांना मुलगी नाहीच ना, तिन्ही मुलगे. आणि बॉस्टनवाल्या वहिनी काय म्हणाव्यात, "बर्फी म्हणजे बर्फच, मी म्हटलंच होतं." काय म्हटलं होतं, कधी म्हटलं होतं, देव जाणे.

आणि तेवढ्यात... जरा जवळ या... तेवढ्यात पुण्याच्या विहीणबाईंनी आतून बॅग आणली. चाकांची, मोठी. उघडली तर काय, सगळा बाळंतविडा! खणाची कुंची, मोत्याची लेस लावलेली. मलमलची झबली, बंदांची. टोपडी, लाळेरी, लंगोट, आईच्या नऊवारीची दोन दुपटी, मोहरीची उशी, आणि स्वतः विणलेला स्वेटर पांढराशुभ्र. बायका "अय्या, बघू, बघू" करत पुढे सरकल्या. आणि काकू जागेवरून म्हणाल्या, अगदी शांतपणे, "विहीणबाई, हे बारशाला आणा. आज नको. माझ्या घरात ठेवायचं नाही."

अहो, अशी शांतता पसरली म्हणून सांगू! पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. विहीणबाईंच्या हातात कुंची होती, ती तशीच राहिली. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. सून एकदा आईकडे बघतेय, एकदा सासूकडे, आणि मुलगा... मुलगा मसालेभात वाढून घेतोय! पुरुष म्हणजे ना. विहीणबाई म्हणाल्या, "मी लोकलनं येते-जाते हो, ही बॅग परत कुठे नेऊ?" कोणीच बोलेना. शेवटी मीच म्हटलं, "माझ्याकडे ठेवा, माझं घर काही तुमचं घर नाही."

तर हो. तो बाळंतविडा माझ्याकडे आहे. बेडरूममधल्या कपाटात. कुणाला सांगू नका, म्हणजे आता सगळ्यांना माहीतच आहे, पण तरी.

आता कपडे घेतले खरे, पण तुंगार्लीतलं कपाट! दुसऱ्याच आठवड्यात लेसवर बारीक काळे ठिपके दिसायला लागले. माझा जीव खाली-वर. मग मी आपला जुना उपाय केला, कपाटात बल्ब लावून ठेवला, पिवळा, चाळीसचा, कपड्यांपासून लांब. आमच्या ह्यांचं आपलं सुरू, "बिल बघ, बिल बघ." लेकानं पुण्याहून ते ओल शोषणारं मशीन आणलं, डीह्युमिडिफायर. त्याची टाकी रोज भरते. ह्यांना आता एक कामच झालंय, सकाळी टाकी ओतायची आणि किती भरली ते शेजाऱ्यांना सांगायचं.

आणि डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या मी चार. सुनेनं डॉक्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, लगेच काढा. काही तान्ह्या बाळांना त्या वासानं, त्या कपड्यांनी रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ होते. आधी माहीत नसतं कुणाला होईल ते. मी काढल्या बाई गोळ्या, आणि सगळं परत धुतलं. परत धुतलं म्हणजे परत वाळवणं आलं. दोऱ्या बांधल्या खोलीभर. शेगडी पेटवून वर डालगं ठेवणार होते, आपल्या आया वाळवायच्या तसं, तर सून ओरडली, "बंद खोलीत कोळसा नको मावशी, त्याचा धूर दिसत नाही पण जीव घेतो." बरोबर आहे तिचं. मग पंखा आणि इस्त्री.

हे सगळं होईपर्यंत गणपती आले, गेले, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, ग्रहण! खग्रास. रात्री ९:५७ ला लागलं ते १:२६ पर्यंत. काकूंनी दुपारपासूनच वेध पाळायला लावले. सुनेनं काही चिरायचं नाही, कापायचं नाही, सुईला हात लावायचा नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. डॉक्टर म्हणतात, असं काही नसतं. पण सांगणार कोण? आणि हिचा मोजा अर्धा सुयांवर! टाके तसेच सोडून ठेवले तर गळतील म्हणून जीव टांगणीला. तिनं आजींना फोन केला, हळूच, बाथरूममधून. आजी म्हणाल्या, "शिवायचं नाही असं आहे. विणण्यात काही कापलं जात नाही, भोसकलं जात नाही. विण तू." कायदा काढला बघा! पण काकूंपुढे सुई ती सुई. शेवटी आजींचंच ऐकून तिनं टाक्यांत दोरा ओवून ठेवला आणि सुया गादीखाली सरकवल्या. आणि एवढं करून चंद्र दिसला का? अहो, इथे गेटवरचा दिवा दिसत नव्हता धुक्यात! काकू जप करत बसल्या, मुलगा मोबाइलवर लाइव्ह ग्रहण बघत बसला, आणि सून दहाला जी झोपली ती सकाळीच उठली. बाळालाही बरं वाटलं असेल.

तर काय सांगत होते... परवा. परवा काकू आल्या माझ्याकडे, विरजण मागायला. मी स्वयंपाकघरात गेले, आणि यांचं लक्ष बेडरूमकडे. दार उघडं, आणि कपाटाच्या फटीतून उजेड. "दिवसाढवळ्या बल्ब चालू ठेवलाय, वेंधळी कुठली," असं म्हणत सरळ आत गेल्या आणि कपाट उघडलं! मी वाटी घेऊन बाहेर येते तर काकू कपाटासमोर उभ्या. खणाची कुंची हातात. माझ्या हातातली वाटी थरथरली हो, दही सांडलं थोडं.

काकूंनी कुंची उलटी केली, आतून बघितली. "अस्तर सुती आहे?" मी म्हटलं, "आहे." मग बंद बोटावर गुंडाळून बघितले. "लांब आहेत. गळ्याशी येतील. आखूड कर." आणि घडी घालून, अगदी होती तशी घडी घालून, ठेवून दिली. विरजणाची वाटी घेतली आणि गेल्या. ना राग, ना बोलणं. मला रात्रभर झोप नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या हाती पुडी! आत काय? वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे, मलमलच्या पुरचुंडीत बांधलेले. कपड्यांत ठेवायला, कसर लागू नये म्हणून. आणि निरोप काय दिला माहितीय? "सांग तिला, माझ्या घरात काही आणलेलं नाही, आणि आणणारही नाही." म्हणजे बघा, नियमही मोडला नाही आणि नातीच्या कपड्यांना कसरही लागू दिली नाही. बाई हट्टी आहे, पण अक्कल आहे हो, मान्य करायला हवं.

विहीणबाईंना मी फोन करून सांगितलं. त्या आधी गप्प, मग म्हणाल्या, "बंद खरंच लांब झालेत का?" बघा! याचं वाईट वाटलं त्यांना, बाकी सगळं विसरल्या.

आता प्रश्न एकच. बाळंतपण कुठे? पहिलं आहे, म्हणजे माहेरी, पुण्याला. पण आठव्यात हलवायचं नाही, हे काकूंचं, आणि या एका बाबतीत विहीणबाईसुद्धा त्यांच्याच बाजूच्या. म्हणजे नववा लागल्यावर. सुनेचा नवरा म्हणतो, काहीही करा, पण शनिवार-रविवारी घर सोडायचं नाही, गाडी हायवेलाच अडकेल. त्याचं बरोबर आहे, या पर्यटकांना कोण सांगणार की आत बाई अडली आहे? म्हणून ठरलंय, घटस्थापना सोमवारी आहे, २२ तारखेला, ती झाली की मंगळवारी सकाळी निघायचं. तोपर्यंत ते नवराबायको वरसोलीला मनशक्तीत गर्भसंस्काराच्या वर्गाला जाऊन येणार आहेत. लांबलांबून जोडपी येतात तिथे, आपल्याला तर उठून गेलं की झालं. काकू म्हणतात, "वर्ग कसला त्याला, घरात भांडू नका म्हणजे झालं." आणि हे म्हणतंय कोण!

बरं, मी तुम्हाला थांबवलं कशाला ते राहिलंच. पितृपक्ष लागलाय, सर्वपित्रीपर्यंत नवी खरेदी नाही, आणि हिची पिवळी लोकर संपली, एक मोजा पंजापर्यंत येऊन अडकलाय. मोज्याविना तिला पाठवायचं नाही, असं आजींनी ठरवलंय. तुमच्या लेकीच्या वेळची पिवळी लोकर उरली होती ना, ट्रंकेत, मी पाहिली होती. थोडी फिकी असली तरी चालेल. अकरा नंबरच्या सुया असतील तर त्याही द्या, हिची एक वाकलीय. आजच द्या हो, आणि मागच्या दारानं. काकू पुढच्या खिडकीत बसलेल्या असतात.